पाऱ्याची साक्ष

१

सोमवारी सकाळी सव्वादहाला नळीच्या पोटात फाटकन निळी ठिणगी उडाली, आणि रामजी गमरेची विलायत तिथंच संपली असं सगळ्यांनी धरून टाकलं. सगळ्यांच्या आधी धरलं ते हेड फिटर बाबुराव परबांनी.

खोटं कशाला सांगा, त्यांना बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की त्यांनी तपकिरीची पुडी काढून दोन्ही नाकपुड्यांत सढळ हाताने चिमूट भरली. पुडी गुलाबी कागदाची होती. स्टोअरच्या किल्ल्या बाबुरावांकडे असत, आणि स्टोअरच्या गुलाबी चिठ्ठ्यांत ते तपकिरीपासून वायसरपर्यंत काहीही बांधत.

अठ्ठावन्न साल होतं. कॉटन ग्रीनला कापसाच्या एका रिकाम्या गोदामात संस्थेची ही प्रयोगशाळा थाटली होती. बाहेरच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा, आणि आत दोन पुरुष उंचीची काचेची नि लोखंडाची नळी. वरच्या टोकाला प्रोटॉन सोडायचे, लाखो व्होल्टचा धक्का देऊन त्यांना खाली पळवायचे आणि तिथं ते आदळल्यावर काय होतं ते बघायचं. अट एकच, नळीत हवा नको. हवा उरली तर प्रोटॉन वाटेतच तिच्यावर आपटतात, आणि विजेला भलतीकडे उडी मारायला वाट मिळते. त्या सोमवारी विजेने तशीच उडी मारली होती. आतली तांब्याची चकती काळी ठिक्कर पडली.

पण खरी भानगड टेबलावरच्या नोंदवहीत होती. शनिवारी संध्याकाळी रामजीने पाऱ्याच्या गेजने नळीतला दाब मोजून आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिला होता. मिलिमीटरचा दहा लाखावा हिस्सा. यंत्र चालवायला याहून चांगलं काही नको. ठिणगीनंतर प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञ दिघेबाईंनी परदेशातून आलेलं आयन गेज जोडलं, तर आकडा दहा पट वाईट निघाला.

"दोन गेजं, दोन आकडे," प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. भडकमकर म्हणाले. "म्हणजे एक खोटं बोलतंय."

पाऱ्याचं गेज रामजीने स्वतः फुंकून बनवलेलं. नळीचे काचेचे सांधेही त्याचेच. एक तर सांधा गळत होता आणि त्याचं गेज फसवं होतं, नाहीतर त्याने वहीत खोटा आकडा लिहिला होता.

डॉक्टरांनी बाबुरावांना खोलीत बोलावून दार लोटलं. "गिरणीत असताना तुम्ही चोऱ्या शोधून काढायचात म्हणे. याचा तपास करा. शनिवारी मला अहवाल हवा. विलायतेला सहा महिने पाठवायच्या यादीत रामजी पहिला आहे."

"आणि दुसरा मी," बाबुराव म्हणाले.

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय. तुम्ही त्याला निर्दोष म्हणालात तर कोणी शंका घेणार नाही."

"आणि दोषी म्हणालो तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "तर बोटीचं तिकीट तुमच्या नावावर करावं लागेल."

२

बाबुरावांचा हेवा आजचा नव्हता. लालबागच्या गिरणीत त्यांनी वीस वर्षं यंत्रं खोलली नि बसवली. रामजी त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, वरळीच्या बीडीडी चाळीतला. त्याने एका बाटलीच्या कारखान्यात काच फुंकायला सुरुवात केली, आणि आता डॉक्टर पाहुण्यांना आधी त्याचं टेबल दाखवत. "ही बोटं बघा," म्हणत. बाबुरावांची बोटं कधी कोणी बघितली नव्हती. यादी लागण्याआधीच त्यांनी चाळीत सांगून ठेवलं होतं की या खेपेला जाणार तर आपणच. गंगुबाईने स्वेटर विणायला घेतला होता. आता जिन्यात जो भेटे तो विचारी, "बाबुराव, बोट कधी?" आणि त्यांच्या अंगाची लाही होई.

सोमवारी घरी गेले तर गंगुबाई कपाळाला हात लावून बसलेली. "दूध करपला, चाळभर वास गेलो, नि तुमी त्याच्याच बाजूक बसून पेपर वाचतास? त्या तपकिरीन तुमचा नाक मेला."

"स्वेटर कुठवर आला?" बाबुरावांनी विचारलं.

"तो कित्याक आता?"

"विणत राहा," ते म्हणाले. खूप दिवसांनी ते पोटभर जेवले.

मंगळवारी त्यांनी नोंदवही घेऊन पहिल्यापासून वाचली. ठिणगीच्या आधीच्या मंगळवारी खंडेनवमी होती. नळी साफसफाईसाठी उघडली होती. त्या पानावर 'झाकण बंद करणाऱ्याची सही' हा रकाना कोरा होता. एरवी तिथं रामजीची सही असे. पण त्या दिवशी तो दुपारीच गेला. दोन वर्षांपूर्वी त्याने धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून तो यंत्राच्या पूजेला उभा राहत नसे. दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्याला जांबोरी मैदानावर दीक्षेच्या वर्धापनाचा कार्यक्रम होता, त्याच्या तयारीला तो गेला. पूजा दरवर्षीप्रमाणे बाबुरावांनीच केली. हळदकुंकू वाहिलं, आरती ओवाळली, हात जोडून काय मागितलं ते गंगुबाईलाही सांगितलं नाही, आणि वर रामजीचं झाकण बसवायचं कामही त्यांनाच करावं लागलं. रकाना कोरा ठेवणं हाही रामजीचाच हलगर्जीपणा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

मग शनिवारचं पान आलं. आकड्याखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ होती. 'पाऱ्याला वाफ दिसत नाही. वीज चढवण्याआधी दुसऱ्या गेजने पाहावे. रा. गमरे.'

बाबुरावांनी ओळ दोनदा वाचली. खोटं लिहिणारा माणूस असली ओळ लिहीत नाही, हे कळायला वीस वर्षांचा अनुभव लागत नव्हता. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. या ओळीचं काय करायचं ते शनिवारपर्यंत ठरवता येईल, असं मनाशी म्हणत त्यांनी वही आपल्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

३

रामजी आपल्या टेबलाशी ज्योतीवर काच फिरवत होता. काच मेणासारखी लवत होती. बाबुराव ते बघत उभे राहिले, नि बघावंसं वाटतंय याचाच त्यांना राग आला.

"सांधा गळतोय का रे तुझा?"

"नाही."

"छातीठोक सांगतोस?"

"सांगायचं कशाला? दिघेबाईंना काट्यासमोर बसवा आणि सांध्यांना स्पिरिट लावून बघा. भोक असलं तर स्पिरिट आत शिरेल, काटा हलेल."

"मग तुझं गेज खोटं."

रामजीने काच खाली ठेवली. उभ्या काचेच्या गेजपाशी तो बाबुरावांना घेऊन गेला, नि खालचा पारा वर चढवून दाखवला. "हे गेज नळीतला एक घास घेतं, आणि पारा तो घास दाबत दाबत या केसासारख्या बारीक नळीत नेतो. हवा कितीही दाबली तरी हवाच राहते, ती मोजता येते. वाफ तशी नाही. दाबली की काचेला चिकटून बसते. पाऱ्याला वाटतं, इथं काही नव्हतंच. दिघेबाईंचं गेज वाफही मोजतं. तेव्हा दोन्ही गेजं खरं बोलतायत, बाबुराव. फक्त माझ्या गेजला सगळं दिसत नाही."

"म्हणजे आत वाफ आहे म्हणतोस. कसली?"

रामजीने त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग टेबलाकडे परत जाऊन त्याने ज्योत बारीक केली.

"तपास तुम्ही करताय," तो म्हणाला. "मी आकडे लिहिणारा माणूस."

बाबुराव स्टोअरमध्ये परतले ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन. रामजीला ठाऊक होतं. आत काय आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि तो ते दडवत होता.

४

दिघेबाई, म्हणजे कमल दिघे, शिवाजी पार्कच्या, एमएस्सी झालेल्या, बोलायला रोखठोक. त्यांना रामजीविषयी विचारलं तर त्या हसल्या. "राग येतो का म्हणून काय विचारता? येतोच. माझं गेज सातासमुद्रापलीकडून येतं, आणि ते बरोबर आहे की नाही हे ठरवायला मला रामजीच्या पाऱ्याशी ताडून बघावं लागतं. कारण पारा सरळ उंचीत मोजतो, आणि माझं गेज विजेच्या आडवाटेने. पण म्हणून मी त्याच्या वाटेत काटे पेरीन?"

"शनिवारी तुमचं गेज का नाही लावलंत?"

"डॉक्टर म्हणाले, त्याची तार नाजूक आहे, जपून ठेवा, पाऱ्याचा आकडा पुरे. सोमवारी त्यांना घाई होती."

बाबुरावांनी मान हलवली आणि कपाटातल्या वहीचा विषय काढला नाही.

राहिला पंप चालवणारा धोंडू तोडणकर. त्याच्या पंपाचं तेल नळीत येतं अशी तक्रार रामजीने गणपतीच्या सुमाराला केली होती, आणि धोंडूने चारचौघांत "बघून घेईन" म्हटलं होतं. त्याच्या खिशातून समितीची पत्रकं डोकावत होती. बाहेरून मोर्चा चालला होता, 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्या पत्र्यावर आदळत होत्या. धोंडूचा एक कान तिकडेच.

"मशीन मी बिघडवीन?" तो उसळला. "खंडेनवमीक नारळ कोणी आणलो? फुलां, अगरबत्ती, कापूर, पेढे, सगळा मीच आणलंय ना? पूजा झाल्यार सरळ शिवाजी पार्काक सभेक गेलंय. इचारा कोणाकय!"

"तू म्हणाला होतास, बघून घेईन."

"म्हटला होता. मग दुसऱ्या दिवशी तेल बदलला. रामजी बरोबर होतो, मेल्याक वास लगेच येता."

बुधवारी स्पिरिटची परीक्षा झाली. धोंडू कापसाच्या बोळ्याने एकेक सांधा भिजवत चढला, दिघेबाई काट्यावर डोळे लावून बसल्या, आणि बाबुराव मनातल्या मनात प्रत्येक सांध्याला गळ, गळ म्हणत खाली उभे राहिले. अकरा सांधे झाले. काटा तसूभरही हलला नाही.

"काच निर्दोष आहे," दिघेबाई म्हणाल्या. "इतकी सुबक नळी मी अजून बघितली नाही."

बाबुरावांनी तपकीर ओढली. त्यांच्या डोळ्यांसमोर अर्धा विणलेला स्वेटर आला.

५

गुरुवारी दिघेबाईंनी आणखी एक युक्ती काढली. सकाळीच पंपाकडची झडप बंद केली आणि नळीला गरम तारेचं साधं गेज जोडून दिलं.

"आता पंपाचा संबंध तुटला," त्या म्हणाल्या. "बाहेरची हवा कुठून शिरत असेल तर काटा दिवसभर चढत राहील. बाहेरच्या हवेला अंत नाही."

काटा चढू लागला. बाबुरावांच्या जिवात जीव आला. जेवणाच्या सुट्टीनंतरही चढतच होता. चारच्या सुमाराला मंदावला. साडेचारला थांबला, आणि सहा वाजेपर्यंत जागचा हलला नाही.

"संपलं," बाबुराव पुटपुटले.

"हो. गळती नाही. धोंडूचं तेलही नाही, त्याचा पंप तर तोडलेला. आत काहीतरी बसलंय, बाबुराव. मावेल तेवढी वाफ त्याने सोडली नि मग गप्प राहिलं. दोरीवरचे कपडे बंद खोलीत वाळत नाहीत ना, तसं."

पाऱ्याच्या गेजकडे जाणाऱ्या वाटेवर बोटाएवढी काचेची एक कुपी होती. ती दिवसभर द्रवरूप हवेच्या थर्मासमध्ये बुडवलेली असे. वाटेने येणारी बरीचशी वाफ तिथंच गोठायची, थोडीच गेजपर्यंत पोचायची. शुक्रवारी सकाळी दिघेबाईंनी थर्मास काढून घेतला आणि कुपी सोडवली. आत पांढरा थर होता.

"पाणी असेल," धोंडू म्हणाला.

सगळे बघत राहिले. कुपी हवेशी ऊन झाली, बाहेरून घामेजली, कोरडी झाली. आतला थर ओला झालाच नाही. तसाच पांढरा, कोरडा राहिला. बाबुरावांनी कुपी नाकाशी धरून जोराने श्वास ओढला. त्यांना कसलाच वास आला नाही.

"द्या इकडे." दिघेबाईंनी कुपी घेतली, हुंगली आणि त्यांचे डोळे विस्फारले.

"बाबुराव, हा तर कापूर आहे!"

६

सगळ्यांनी धोंडूकडे पाहिलं. धोंडू पांढराफटक पडला. "मी आणलो होतो," तो म्हणाला, "पण तबक माझ्या हातात नव्हता."

"आज कोणी काही बोलायचं नाही," बाबुराव ओरडले. "उद्या डॉक्टरांपुढे बोलू." आणि ते स्टोअरमध्ये जाऊन स्टुलावर बसले.

गिरणीत त्यांच्या वस्तादाची एक रीत होती. पूजेनंतर यंत्राची पेटी मिटताना कापराची चिमूट आत ठेवायची, पूजा यंत्राच्या पोटात राहू द्यायची. वीस वर्षं त्यांनी तसंच केलं. हाताला इतकं सवयीचं की खंडेनवमीलाही त्यांनी उरलेला कापूर चिठ्ठीत बांधला, चकतीच्या कडेला एक वापरात नसलेलं, आरपार न गेलेलं भोक होतं त्यात सारला, वरून बोल्ट आवळला आणि झाकण लावलं. तेल घातलं असतं, कुंकू टाकलं असतं तर घाण केली असं वाटलं असतं. पण कापूर! जळला तरी राख मागे ठेवत नाही. त्याहून स्वच्छ वस्तू जगात कोणती? बोल्टच्या आट्यांतून त्याची वाफ झिरपत राहील, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि बोल्ट आवळताना पूजेतलंच मागणं पुन्हा मागितलं होतं. या खेपेला माझं नाव वर येऊ दे.

यंत्राने मागणं ऐकलं होतं. रामजी खाली गेला होता, ते वर आले होते. आता फक्त गप्प राहायचं होतं. धोंडूवर शेकलं असतं, नाहीतर सगळंच संशयात राहिलं असतं, आणि संशयातल्या माणसाला कोणी विलायतेला पाठवत नाही.

संध्याकाळी ते वरळीला गेले. का गेले ते त्यांना सांगता आलं नसतं. रामजीच्या खोलीत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. खुंटीवर कोणाचा तरी मागून आणलेला लोकरीचा कोट. राधाबाईने चहा पुढे केला. "घ्या ना बाबुराव. हे रोज म्हणतात, तपास तुमच्याकडे आहे म्हणून झोप तरी लागते."

बाबुरावांनी कप हातात घेतला. राधाबाई आत वळल्यावर ते म्हणाले, "कापूर आहे, रामजी."

"मला शनिवारीच वास आला. कुपी बदलताना."

"आणि ठेवला कोणी?"

"झाकण तुम्ही लावलंत."

बाहेर गॅलरीत पोरं ओरडत होती. बाबुरावांनी कप खाली ठेवला. "मग बोलला का नाहीस? तुझी बोट चालली होती!"

"कसं बोलू?" रामजीचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी म्हणायचं, पूजेच्या कापराने मशीन बिघडलं? मी? दुसऱ्या मिनिटाला सगळे म्हणाले असते, यांनी देव सोडले, आता आमच्या देवावर उठलेत. माझं गेज खोटं ठरलं असतं तर चाललं असतं, बाबुराव, गेज पुन्हा फुंकता येतं. वहीत लिहिलं ना मी, दुसऱ्या गेजने पाहावे म्हणून. त्याहून जास्त मला लिहिता येत नव्हतं."

"आणि मी शोधलं नसतं तर? शोधूनही दाबलं असतं तर?"

"तर मी गेलो नसतो," रामजी म्हणाला. "दुसरं काय!"

बाबुराव परत निघाले. त्यांना वाटलं होतं, इथं येऊन मन हलकं होईल. झालं भलतंच. हातातली कला त्याची, वहीतला खरेपणा त्याचा, आणि तोंड मिटून सोसणंही त्याचंच. आता त्यांना त्याचाही हेवा वाटू लागला.

७

शनिवारी डॉक्टरांच्या खोलीत सगळे जमले. बाबुरावांनी अहवालाचा कागद आणला नव्हता. फक्त नोंदवही आणली होती.

"सांधे गळत नाहीत, हे स्पिरिटने दाखवलं," ते उभ्यानेच सांगू लागले. "काटा चढून थांबला, म्हणजे वाफ आतली. पारा वाफ मोजत नाही, म्हणून रामजीचा आकडा खोटा नव्हता, अपुरा होता. आणि अपुरा आहे हे त्याने स्वतःच लिहिलं होतं. ही ओळ बघा."

डॉक्टरांनी वही ओढून घेतली. ओळ वाचताना त्यांचे कान लाल झाले. सोमवारी वीज चढवण्याआधी हे पान त्यांच्याचसमोर होतं.

"ही ओळ मी मंगळवारी वाचली आणि वही कुलपात टाकली," बाबुराव म्हणाले. "ते पहिलं."

"कापूर कोणी ठेवला?"

"रामजी दुपारीच गेला होता, नि त्याच्याकडे कापूर असत नाही. धोंडूने कापूर आणला, पण तो सभेला गेला तेव्हा नळी उघडीच होती. दिघेबाई त्या दिवशी आल्या नव्हत्या. खंडेनवमीचा सहीचा रकाना कोरा आहे, डॉक्टर. ज्याने झाकण लावलं त्याला सही करायची सवय नव्हती. ते झाकण मी लावलं. पुडी मी ठेवली."

डॉक्टर उठले. मग सगळे नळीपाशी गेले. झाकण उघडल्यावर बाबुरावांनी आपल्या हाताने तो बोल्ट काढला, चिमट्याने भोकातली पुडी ओढली आणि डॉक्टरांच्या तळहातावर ठेवली. गुलाबी चिठ्ठी होती. भोकात आणि घडीत मिळून कापराचा कण तेवढा उरला होता.

"तुम्ही मुद्दाम केलं नाहीत," पुडीकडे बघत डॉक्टर म्हणाले. "आत काही वाफाळ पदार्थ राहिला, एवढंच लिहू. नाव घालायची गरज नाही."

"नाव घाला," बाबुराव म्हणाले. "नाही घातलंत तर लोक तिथं रामजीचंच नाव वाचतील."

यादीतून दुसरं नाव त्याच दिवशी खोडलं गेलं. पुन्हा कधी ते यादीत आलं नाही.

बुधवारी नवी चकती बसली. रामजीची निघायची वेळ आठवड्यावर आली होती. झाकण ठेवून झाल्यावर त्याने शेवटच्या बोल्टपाशी हात थांबवला आणि पाना बाबुरावांपुढे केला.

बाबुरावांनी तो घेतला नाही. आधी बाकावरचं कागदात बांधलेलं गाठोडं त्याच्याकडे सरकवलं. "गंगुबाईने स्वेटर पुरा केला. म्हणते, विणलाच आहे तर कोणीतरी घालावा. माझ्या मापाचा आहे, तुला ढगळ होईल."

"होऊ दे. तिकडे थंडी आहे."

"एक सांगतो, रामजी. मला तुझा अजून हेवा वाटतो. गेला नाही."

"वाटू दे," रामजी म्हणाला. "बोल्ट घट्ट आवळा."

बाबुरावांनी आवळला. संध्याकाळी पारा चढवला तेव्हा दोन्ही गेजांनी एकच आकडा दाखवला. दिघेबाईंनी तो वहीत लिहिला आणि वही बाबुरावांकडे फिरवली. 'झाकण बंद करणाऱ्याची सही' या रकान्यात त्यांनी आपलं नाव लिहिलं, आणि मग पान उलटून खंडेनवमीच्या कोऱ्या रकान्यातही लिहिलं.